सात नंबरवरचे मामा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बारा कॉम्प्युटर आहेत आणि ते शिकवणारी मी एकटी. नवीन मंडळी आली की पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट दहादा सांगते. पडदा काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला असं नाही. पडदा हे नुसतं तोंड. डोकं खाली, त्या डब्यात. माणसानं तोंड मिटलं म्हणून तो झोपला असं आपण धरतो का? हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी घडाघडा म्हणून दाखवेन. आणि तरीही माझ्याच खोलीतलं सात नंबरचं मशीन तीन महिने अखंड चालू होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला त्या दिवशी मी ते बंद केलं आणि एका माणसाचं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं.

माझा स्वभाव तापट आहे, तेही सांगून टाकते. ते या गोष्टीत येतंच.

तो माणूस म्हणजे मामा. माझे सख्खे मामा नव्हेत. याच खोलीत पूर्वी टायपिंगचा वर्ग होता. तीस मशीनं, आणि दर शनिवारी ती दुरुस्त करायला हे यायचे. पत्र्याची पेटी, तिच्यात तेलाची कुपी, ब्रश, चिमटे आणि जुन्या धोतराचे तुकडे. मी तेव्हा सतरा वर्षांची, टायपिंग शिकत होते. आम्ही मुली त्यांना खटखटमामा म्हणायचो, कारण मशीन दुरुस्त झालं की ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक कळ दाबून बघायचे. ‘चाळीस वर्षं टाइप करतोय,’ ते म्हणायचे, ‘पण शब्द एक नाही लिहिला. नुसती अक्षरं.’ आणि स्वतःच हसायचे. बाकी बोलणं म्हणजे हूं आणि हां.

त्यांच्याशी लग्न करायचं धाडस केलं ते मामींनी. मामी कोर्टात टायपिस्ट होत्या. त्यांच्या मशीनची एक कळ सारखी अडकायची आणि ती दुरुस्त करायला मामा एका महिन्यात पाच वेळा गेले. पाचव्या वेळी मामींनी विचारलं, ‘अहो, तुम्हाला काम येत नाही की तुम्ही स्क्रू ढिला ठेवून जाता?’ मामा कानापर्यंत लाल झाले. झालं, ठरलं. ही गोष्ट मामी येईल त्याला सांगायच्या आणि मामा दर वेळी नव्यानं लाल व्हायचे.

मूलबाळ नव्हतं. दोघांचा एक नेम मात्र होता. संध्याकाळी मामा घरी आले की मामी विचारायच्या, ‘आज काय काय झालं? पहिल्यापासून सांगा.’ मग या मुखदुर्बळ माणसाला दिवसभराचं सगळं सांगावं लागायचं. कुठं गेलो, कोणाचं मशीन, आत काय सापडलं. एकदा एका मशीनमध्ये कोणाचा तरी पडलेला दात सापडला होता, त्यावर आठवडाभर चर्चा झाली म्हणे. मामी मला म्हणाल्या होत्या, ‘आमच्या घरात कामं वाटून घेतलीत गं. मी विचारायचं, त्यांनी सांगायचं.’

पुढं टायपिंगचे दिवस गेले. वर्ग बंद पडला, तीसच्या तीस मशीनं भंगारात गेली. मी तेव्हा शिकवायला लागले होते. भंगारवाल्याची गाडी भरत असताना मामा बाजूला उभे राहून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते. किलोवर विकलेल्या मालाला सावकाश! गाडीवाला माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यानंतर मामा रस्त्यात दिसले तर मान हलवायचे आणि पुढं जायचे. मग एके दिवशी सकाळी अकराला ते माझ्या खोलीच्या दारात उभे. हातात तीच पत्र्याची पेटी.

‘बाई, मला हे मशीन शिकायचंय.’

‘शिका की. पण पेटी कशाला आणलीत?’

‘सवय.’

मी त्यांना सात नंबर दिला, कारण तो कोणालाच नको असायचा. त्याचा की-बोर्ड म्हणजे चिखलात रुतलेली बैलगाडी. डबा लाकडी खोक्यात कुलूपबंद, आणि त्याचा छोटा दिवा कधीच गेलेला. मामांनी दुसऱ्याच दिवशी की-बोर्डच्या सगळ्या कळा उपटून काढल्या. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी त्या ओळीनं फडक्यावर मांडल्या, एकेक पुसली आणि परत बसवली. त्या दिवसापासून सात नंबर माझ्या खोलीतला सगळ्यात हलका की-बोर्ड झाला आणि आपसूकच मामांचा झाला.

वर्गात मी शिकवते ते माझ्या पद्धतीनं. पुस्तकातली व्याख्या सांगितली की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. म्हणून मी सांगते, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ. स्वतः फारसं काही करत नाही, पण तिला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही. की-बोर्डनं काय आणलं, प्रिंटरला काय पाठवायचं, कोणाला किती जागा द्यायची, सगळं तिच्या हातात. फाईल म्हणजे कागद, फोल्डर म्हणजे ते ठेवायची पिशवी. डेस्कटॉप म्हणजे दारातलं टेबल, आल्याआल्या दिसतं ते. रॅम म्हणजे ओटा. काम चालू असेपर्यंत सगळं ओट्यावर पसरलेलं. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. ओट्यावरचं उचलून कपाटात ठेवणं म्हणजे सेव्ह करणं. शट डाउन केलं की ओटा स्वच्छ पुसला जातो. जे कपाटात गेलं ते राहिलं, बाकीचं गेलं.

हे सांगत होते तेव्हा मामांनी हात वर केला. सगळ्या वर्गात त्यांनी विचारलेला तो एकच प्रश्न.

‘पण बाई, एकदा अक्षर उमटलं की उमटलं ना? कागद आपण बाहेर काढला नाही तर ते जाईल कुठं?’

वर्गात खसखस पिकली. सुतारकाम करणारे एक गृहस्थ तर खो खो हसले. मला त्या दिवशी आधीच दोन मशीनांनी पिडलं होतं. मी म्हटलं, ‘मामा, इथं कागद नाहीच. मी सांगते ते वहीत लिहून घ्या म्हणजे झालं.’ त्यांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. दोन मिनिटं त्यांच्या शेजारी बसले असते, एक ओळ टाइप करून, मशीन बंद करून, परत चालू करून दाखवली असती, तर पुढचं काही झालं नसतं. दोन मिनिटं होती माझ्याकडे. नव्हता तो धीर.

दीड महिन्यात वर्ग संपला. बाकीचे पांगले, मामा येत राहिले. वाचनालयवाल्यांची हरकत नव्हती आणि माझीही नव्हती. अकराला यायचे, साडेबाराला जायचे. दोन बोटांनी, पण खाडखाड टाइप करायचे. मला वाटायचं, कळा तपासतायत. काय लिहिताय असं मी कधी विचारलं नाही. जाताना पडद्याचं बटण दाबायचे, टायपिंगच्या काळात मशीनवर घालायचो तसा कापडी अभ्रा पडद्यावर चढवायचे, त्याचे कोपरे नीट करायचे आणि निघायचे. तो अभ्रा मामींच्या मशीनचा होता.

ते काय लिहीत होते ते मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. ते मामींना सांगत होते. आदल्या दिवशी काय काय झालं ते, पहिल्यापासून. घरी मामींचं मशीन होतं, पण त्याच्यासमोर मामी बसायच्या, तिथं यांना बसवेना. म्हणून इथं. रोज तेच पान उघडं असायचं, रोज त्याच्याखाली पुढचं. अक्षर उमटलेलं डोळ्यांना दिसत होतं, म्हणजे ते होतं. कागद मशीनमध्येच चढवलेला आहे, झाकून ठेवलाय, उद्या येऊन पुढं लिहायचं. इतक्या वर्षांत कुठल्याही मशीननं त्यांना वेगळं काही शिकवलं नव्हतं. आणि ते साधंसुधं लिहायचं सॉफ्टवेअर, आपणहून काही जपून ठेवणारं नव्हे. तीन महिन्यांचे दिवस ओट्यावर पसरलेले होते आणि ओटा पुसला जात नव्हता एवढंच. खोलीला बॅटरी आहे, त्यामुळं वीज गेली तरी मशीनं मरत नाहीत.

आता माझी सवय. संध्याकाळी साडेपाचला मी दारातून रांगेवर नजर टाकते. उजळ पडदे दिसतील ती मशीनं बंद करत जाते. बंद करताना प्रत्येक मशीन विचारतं, बदल सेव्ह करायचे आहेत का? हो, नाही, रद्द. मी ‘नाही’ दाबते. न वाचता. नवशिक्यांचं लिखाण ते काय असणार? स्वतःचं नाव पंधरा वेळा. आज सोमवार आहे. माझे गाव छान आहे. नऊ वर्षं रोज दहा-बारा वेळा ‘नाही’ दाबून माझ्या बोटाला त्याची वाट पाठ झालीय. सात नंबरवर अभ्रा असायचा, पडदा काळा असायचा. मी, जी जगाला पडदा आणि डबा यांतला फरक शिकवते, तीच पडदा काळा बघून पुढं जात होते.

एका शुक्रवारी वायरमन आला. खोलीतली वायर बदलायची होती, बॅटरीसकट सगळं बंद करायला सांगितलं त्यानं. मी टेबलांखाली वाकून एकेक प्लग काढत सातपाशी आले, तर खोक्यातून पंख्याची घरघर. मी अभ्रा वर केला, पडद्याचं बटण दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेला. मी वैतागले. मामा रोज मशीन चालूच ठेवून जातात की काय! वायरमन शिडीवर चढून ‘झालं का बाई, झालं का’ करत होता. मी शट डाउन दिलं. मशीननं विचारलं. बोटानं उत्तर दिलं.

एका सेकंदाचं काम. त्या सेकंदात मला काहीही वाटलं नाही. पुढच्या मशीनकडे गेले.

सोमवारी अकराला मामा आले. अभ्रा काढला, घडी घातली, पडद्याचं बटण दाबलं. काळा. मी म्हटलं, ‘मामा, शुक्रवारी मी बंद केलं ते. तुम्ही नुसता पडदा बंद करून जाता वाटतं? पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?’ आणि खोक्याचं कुलूप काढून मशीन चालू केलं. डेस्कटॉप आला. मामा बघत राहिले. मग म्हणाले, ‘पान कुठाय?’

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की माझा सगळा तोरा उतरला. मी खुर्ची ओढून बसले. सगळी फोल्डर उघडली. रिसायकल बिन उघडली. त्यांना सांगत होते, ‘ही कचऱ्याची टोपली. चुकून टाकलेलं इथून परत काढता येतं.’ टोपली रिकामी होती. असणारच. जे कपाटात कधी गेलंच नाही ते टोपलीत कुठून येणार?

‘बाई,’ मामा म्हणाले, ‘याचा रोळ कुठं असतो?’

‘कसला रोळ?’

‘टाइपरायटरला रबरी रोळ असतो ना. कागद काढून नेला तरी रोळावर अक्षरांचे व्रण राहतात. भिंग लावून तिरका उजेड पाडला की शेवटची ओळ वाचता येते. मी एकदा वाचून दिली होती कोर्टात. याच्या आत तसं काही असेल. मी खोलून बघतो.’

पेटी त्यांनी टेबलावर ठेवलीच होती. स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला.

‘नाही मामा,’ मी म्हटलं. ‘याच्यात काहीच व्रण राहत नाही.’

त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत पेटीत ठेवला. त्याच्या जागी, चिमट्याशेजारी. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी विचारलं, ‘खूप होतं का हो?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘छे छे. दोन-तीन पानं असतील. कळा तपासत होतो.’

आणि मी ते खरं मानलं. मानलं म्हणजे मला तसंच हवं होतं. सुटले, असं वाटलं. त्यांना सेव्ह करायला शिकवलं, या वेळी शेजारी बसून, बंद करून परत चालू करून. फाईलला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ते अडले. ‘नाव द्यावंच लागतं?’ मी सवयीनं म्हटलं, ‘सराव लिहा.’ माझ्या खोलीतल्या निम्म्या फाइली त्याच नावाच्या आहेत. त्यांनी ‘सराव’ लिहिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण मला शिकवताना मसाला लागतो. पुढच्या वर्गाला ओटा आणि कपाट समजावताना मी सांगायला लागले, ‘आमच्या एका मामांची तीन पानं अशी गेली आणि हे मशीन खोलून अक्षरं शोधायला निघाले!’ वर्ग हसायचा. एकदा मामा सातवर बसलेले असतानाच मी हे सांगितलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. मामाही हसले, हात वर करून म्हणाले, ‘तो मीच.’

महिनाभरानं ते माझ्या टेबलाशी आले. ‘बाई, हे कागदावर निघेल का? हातात धरता येईल असं.’

प्रिंट कसं द्यायचं ते मी दाखवलं. प्रिंटर माझ्या टेबलाशेजारी आहे, कागद अडकवायची त्याला खोड आहे, म्हणून मी तिथं उभी राहिले. मामा सातवरच बसून होते, हात मांडीवर, कान प्रिंटरच्या आवाजाकडे. पहिलं पान सरकत बाहेर आलं. मी ते उचललं, शाई नीट आलीय का बघायला. खरंच तेवढ्यासाठीच.

‘शुक्रवारी आपलं सगळं गेलं. तीन महिन्यांचं. बाईंच्या हातून मशीन बंद झालं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता म्हणून दोन-तीन पानं होती असं सांगून टाकलं. तू म्हणशील, खोटं कशाला बोललात? अगं, पोर सतरा वर्षांची असल्यापासून मला मामा म्हणते. ते गेलेलं सगळं तर मला आता आठवणार नाही. कालचं आठवतंय तेवढं सांगतो. पहिल्यापासून सांगतो.’

पुढची पानं येत राहिली. मी ती वाचली नाहीत. पालथी करून एकावर एक ठेवत गेले, अकरा होती. माझ्या हाताखाली कागद गरम लागत होते. तीन महिने म्हणजे किती झाली असती, हा हिशोब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मी तो थांबवू शकले नाही.

मामा आले. मी गठ्ठा सुलटा करून त्यांच्या हातात दिला. पहिलं पान सगळ्यात वर होतं, आणि माझे डोळे काय झाले होते ते त्यांना दिसलंच असणार. त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या, मामी जुळवायच्या तशा.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘किती होती हो खरी?’

‘मोजली नाहीत,’ ते म्हणाले. ‘पानं मोजायचं काम तिचं.’

मग त्यांनी एक पान उजेडात धरलं. ‘डावीकडं जरा फिकट येतंय, बाई. आत धूळ असेल. उद्या पेटी आणतो.’

पेटी त्यांच्या पायाशीच होती. मला विचारावंसं वाटत होतं, मामा, काल काय काय झालं? जिभेवर आलं होतं. पण ते विचारणारं माणूस एकच होतं आणि ते मी नव्हे. मी म्हटलं, ‘उद्या अकराला या.’

संध्याकाळी साडेपाचला मी मशीनं बंद केली. प्रत्येकानं विचारलं, प्रत्येकापाशी बसून मी आधी वाचलं. नव्या वर्गातल्या एका बाईंनी आपल्या मुलीचं नाव पंधरा वेळा लिहिलं होतं. मी ‘हो’ दाबलं. सातवरचा अभ्रा काढला, पडदा चालू केला, शट डाउन दिलं. मामांनी सगळं आधीच सेव्ह केलं होतं, त्यामुळं सात नंबरनं काहीच विचारलं नाही. पंखा थांबला. मी अभ्रा परत घातला आणि त्याचे कोपरे नीट केले.